आम्ही लोप पावलो, असं लिहिलंय

४ सप्टेंबर

पुनमताईंचा फोन आला तेव्हा मी पुसेगावच्या बसथांब्यावर होते. त्यांचं पुण्यात हातकामाच्या वस्तूंचं दुकान आहे. आमच्या तांड्यातल्या अकरा बायका ज्या कोथळ्या भरतात, म्हणजे कवड्या आणि आरसे लावून भरतकाम केलेल्या पिशव्या, त्या दिवाळीसाठी त्यांनीच मागितल्या आहेत.

म्हणाल्या, "पुजा, राग मानू नकोस. पण हा माल तुम्ही स्वतः करता ना? की कुठून आणता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. एका गिऱ्हाइकाने दुकानात उभं राहून फोन काढला आणि ऑनलाइन ज्ञानकोश उघडला. कोणीही लिहू शकतं, कोणीही सुधारू शकतं, तो. बंजारा भरतकामाच्या पानावर आमच्याबद्दल एकच ओळ आहे : 'हिंगोली जिल्ह्यातील तांड्यांमध्ये हे भरतकाम आता पूर्णपणे लोप पावले आहे.'

"मी पाटीवर 'हिंगोलीच्या तांड्यातून' असं लिहिते. उद्या कोणी म्हणालं की फसवतात, तर माझं दुकान बसेल. दसऱ्यापर्यंत थांबते. काहीतरी ठोस दाखव. नाहीतर मला दुसरीकडून माल घ्यावा लागेल."

मी फक्त "हो ताई" म्हणाले.

घरी सांगितलं नाही. या कामाच्या भरवशावर यंदा अकरा घरांनी ऊसतोडीची उचल घेतलेली नाही. पोरं पहिल्यांदाच दिवाळीनंतरही शाळेत राहणार आहेत. मुकादम येऊन परत गेला, आणि जाताना दसऱ्याला पुन्हा चक्कर मारतो म्हणाला. हे मी लिहून ठेवते, म्हणजे मला माहीत नव्हतं असं पुढे म्हणता येणार नाही.

६ सप्टेंबर

सांगितलं. लपवून दोन दिवस जेवण गेलं नाही.

(घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. इथे मराठीत लिहिते. पण शाळेतली मराठी यांच्या तोंडी घातली तर मलाच खोटं वाटतं, म्हणून पुसेगावात बोलतात तशी लिहिते.)

दुपारी सगळ्या आमच्या ओट्यावर काम करत बसल्या होत्या. मी ओळ वाचून दाखवली. शिलाभाभीने विचारलं, "लोप म्हंजे काय वो?"

"म्हणजे संपलं. आता कोणी करत नाही."

"मंग मी सकाळधरून डोळे फोडून काय करून राहिले? भूत शिवून राहिलं का?"

सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "भुताला तरी पैशे देतील का पुन्यावाले?" पुन्हा हसल्या. याडी हसली नाही. माझी आई बेबीबाई, या सगळ्यांत मोठी. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "लिहिणाऱ्यानं लिहिलं. आपन कशाला तोंड लावायचं?"

मग मी इन्स्टावरचं आमच्या गटाचं पान उघडलं. तिथेही कोणीतरी त्या ओळीचा फोटो टाकलाय आणि खाली 'विकत आणून फोटो काढतात' असं लिहिलंय. त्याला दीडशे लोकांनी पसंती दिली. दुसऱ्या एकाने 'हिंगोलीची हरवलेली कला' असा व्हिडिओ केलाय. मागे रडकी बासरी. ओळ तीच, शब्द न शब्द. लोक खाली रडण्याची चित्रं टाकतात. आम्ही इथे जिवंत बसून आमच्यासाठी रडणाऱ्यांना बघत होतो.

काम करतानाचा व्हिडिओ टाकला असता तर हा प्रश्नच आला नसता. पुनमताईंनी जूनमध्येच मागितला होता. पण आमच्या तांड्यात अर्धं भरलेलं काम परक्याच्या नजरेला पडू देत नाहीत. नजर लागली की ते पुरं होत नाही, असं मानतात. परका माणूस आला की बायका काम गोधडीखाली सरकवतात. याडी याबाबतीत सगळ्यांत कडक. त्यामुळे आमच्या पानावर सगळे फोटो झालेल्या कामाचे आहेत.

९ सप्टेंबर

ज्ञानकोशावर खातं उघडलं. ओळ खोडून लिहिलं : 'हे भरतकाम आजही केले जाते.' जपून ठेवा, हे बटण दाबताना भीती वाटली. आमच्या घराण्यात छापलेल्या अक्षराला हात लावणारी मी पहिलीच. माझे वडील, बापू, तर अजून कागदावर अंगठा लावतानाही बाजूला कोणी लिहिणारा बसलाय का ते बघतात.

चहा होईपर्यंत जुनी ओळ परत आली होती. 'गोदाकाठ' नावाच्या संपादकाने लिहिलं होतं : 'बदल उलटवला आहे. मूळ विधानाला छापील संदर्भ आहे, आपल्या विधानाला नाही. तसेच, या वस्तूंच्या विक्रीशी आपला संबंध आहे का, ते कृपया स्पष्ट करावे.'

खूप राग आला. मग वाटलं, त्याने विचारलं ते चूक नाही. मग पुन्हा राग आला.

१० सप्टेंबर

दिपक आला होता. माझा मोठा भाऊ, वारंगा फाट्यावर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. त्याला हसूच आवरेना.

"खऱ्या नावानं लिहिलीस? येडी का तू? दुसऱ्या नावानं खातं काढायचं. आन् संदर्भ पायजे ना त्याला? आमच्या फाट्यावर बालाजीचं बातम्यांचं पान हाय. मी सांगतो त्याला. सांजच्याला बातमी लागती. तू फकस्त लिहून दे."

"पण बातमी मीच लिहायची आणि पुरावा म्हणून मीच दाखवायची?"

"बातम्या कोन लिहितं मग? देव?"

"खोटी होईल ना."

"खोटी कशी? तुमी भरता का न्हाई?"

"भरतो."

"मंग काहून खोटी?"

खरं तेच सांगतो, पण स्वतःच्याच तोंडाने दोनदा सांगतो आणि दुसऱ्यांदा आवाज बदलतो, यात काहीतरी वाईट आहे. ते नेमकं काय, ते मला दिपकला पटेल असं मांडता येत नाही.

खरं लिहायचं तर तो गेल्यावर मी बातमी लिहायला घेतली. चार ओळी झाल्या. चांगल्या झाल्या होत्या. पुसून टाकल्या.

१३ सप्टेंबर

पानामागे चर्चेची जागा असते. तिथे खऱ्या नावाने लिहिलं : 'मी पुजा आडे. होय, विक्रीशी माझा संबंध आहे. माझी आई व तांड्यातील दहा स्त्रिया हे काम करतात आणि त्यांची विक्री मी पाहते. म्हणून यापुढे पानावर मी स्वतः बदल करणार नाही. योग्य संदर्भ मिळाल्यास आपणच करावा, ही विनंती.'

दिपकला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, "झालं. सोताच्या हातानं दार लावून घेतलं."

गोदाकाठचं उत्तर आलं. या वेळी भाषा मऊ होती. मूळ संदर्भ एका पाहणीच्या पुस्तिकेचा आहे, २००९ची, लेखक माणिकराव नावाचे प्राध्यापक, असं कळवलं. आणि शेवटी विचारलं : 'सध्या तरुण मुली हे काम शिकत आहेत का? तेही नोंदवता येईल.'

सगळ्या बायकांची वयं बोटांवर मोजली. शेवटी लिहिलं : 'नाही. सर्वांत लहान काम करणारी स्त्री छत्तीस वर्षांची आहे. मला स्वतःला येत नाही.'

खरं होतं. पण लिहिल्यावर वाटलं, मी त्या ओळीला टेकूच दिला.

१६ सप्टेंबर

हिंगोलीला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तिका मिळाली. पिवळी पडलेली, पातळ. ज्या तांड्यांत माणिकराव सर गेले होते त्यांची नावं आहेत, आणि आमचा तांडा पहिला. 'एका ज्येष्ठ स्त्रीने सांगितले की, आता हे काम कोणीही करत नाही.'

म्हणजे ही ओळ आमच्याच तांड्यातून निघाली. पुस्तिकेत गेली, तिथून ज्ञानकोशात, तिथून रडक्या बासरीत, तिथून पुण्याच्या दुकानात, आणि फिरून माझ्या फोनवर आली.

याडीला विचारलं, असं कोण म्हणालं असेल गं? तिने "मला काय म्हाईत" म्हटलं आणि पेटीवरची गोधडी सारखी केली.

१८ सप्टेंबर

ग्रंथपालांनी सांगितलं होतं की सर निवृत्त होऊन हट्ट्याला आपल्या गावी राहतात. हिंगोलीला गाडी बदलली, औंढ्याला पुन्हा बदलली. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं आणि त्यांच्या दारात विसरले.

सर अंगणात फवारणीचा पंप भरणाऱ्या गड्याशी वाद घालत होते. माझं ऐकून घेतलं. चेहरा पडला. मग जरा चिडले.

"मी घरी बसून लिहिलं न्हाई, बाई. तुमच्या तांड्यात तीनदा आलो. जे ऐकलं ते लिहिलं."

"सर, चूक काढायला आले नाही मी."

"चूक असंल तर काढा की. पण कशी झाली ते सांगतो." त्यांनी मला खुर्ची दिली. "एक बाई होती. मला ताक दिलं. बराबर आठवतं, बोलणं होईपर्यंत एका पत्र्याच्या पेटीवर बसून होती, उठली न्हाई. उजव्या हाताच्या बोटाला सुईचे टोचे दिसत होते मला. पण ती म्हणली, आता कोण करतंय. मंग मी काय लिहू? बोटं बघून लिहू का तोंडचं ऐकून लिहू? तोंडचं लिहिलं."

पत्र्याची पेटी आमच्याच घरात आहे. मी मान खाली घातली. सरांना कळलं असावं, कारण त्यांनी पुढचं हळू सांगितलं.

"मी पुन्हा लिहितो. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत माझं सदर असतं. पण एकदा ऐकून फसलो. आता बघून लिहीन. झालेलं काम नको मला. झालेलं काम आजीचंही असू शकतं, बाजारचंही असू शकतं. सुई चालताना पाहायचीय. अर्धं काम."

नेमकं तेच मागितलं.

१९ सप्टेंबर

याडीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"व्हय. मीच म्हनले."

"काहून?"

"पेटीत तुझी कोथळी व्हती. लग्नाची. अर्धी. परका मानूस इचारतो, कोन करतं, दाखवा. मंग काय उघडून दाखवू? न्हाई म्हनलं की बला टळली."

लेकीच्या लग्नाची कोथळी आई लेक लहान असतानाच भरायला घेते, हे मला माहीत होतं. माझी कोणत्या रंगाची आहे ते माहीत नव्हतं. अर्धं काम परक्याला दाखवत नाहीत, ठीक. पण मलाही कधी दाखवलं नाही. हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

फक्त म्हणाले, "सर मंगळवारी येतील. तू नाही म्हणालीस तर मी त्यांना तसं कळवते. पुनमताईंनाही कळवते."

"आन् मुकादमाला?"

"त्याला तर काही कळवावं लागणार नाही."

भाकरी तव्यावर करपली. याडीच्या हातून असं होत नाही.

२३ सप्टेंबर

आजचं नीट लिहायचं आहे.

सर आले. बायका ओट्यावर ओळीने बसल्या, समोर झालेल्या कोथळ्या मांडलेल्या. अर्ध्या सगळ्या आत गोधडीखाली. सरांनी एकेक उचलून पाहिली, कौतुक केलं, खाली ठेवली.

"छान आहे. पण मी काय म्हणलो होतो ते पुजाला माहीत आहे."

कोणी हललं नाही. शिलाभाभी याडीकडे बघत होती, सगळ्याच बघत होत्या. मी फरशीकडे बघत होते. मनात म्हणत होते, नाही म्हणाली तर मी तिच्यावर रागवायचं नाही.

याडी उठली. आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली ती लाल कोथळी घेऊन. मी पहिल्यांदाच पाहिली. तीन कोपरे इतके दाट भरलेले की कापड दिसत नाही. चौथा कोपरा कोरा. ती कोथळी तिने सरांना दाखवली नाही. माझ्या मांडीवर ठेवली.

"भर."

"याडी, मला येत नाही."

"चौथा कोपरा लेकीचा आसतो. म्या भरायचा न्हाई."

"पण मला येत नाही ना."

"त्या फोनमधल्या लिहिणाऱ्यानं इचारलं न्हवं, कोन शिकतं? दाव सरांना."

तिने दोरा ओवून सुई हातात दिली. पंधरा वर्षं पेन धरून माझं बोट ज्या ठिकाणी दबलंय, तिथे सुई बसेना. पहिला टाका लांब गेला, दुसरा त्याहून लांब. तिसऱ्याला बोटात घुसली. शिलाभाभी म्हणाली, "घ्या! पदवीधर बाईचं रगत निघालं. आता पक्का झाला रंग." सगळ्या हसल्या. मग काय झालं कळलं नाही, पण एकेक करून सगळ्या आत गेल्या आणि आपापलं अर्धं काम घेऊन बाहेर येऊन बसल्या. शिलाभाभी येताना म्हणाली, "बेबीकाकीनं लेकीचं दावलं, मंग आपलं काय मोठं ऱ्हायलं?"

सर फोटो काढत होते. याडी माझं मनगट धरून सुईची वाट दाखवत होती. तिचा हात गरम होता.

जाताना सर म्हणाले, "मावशी, मागच्या बारीला तुम्ही मला न्हाई म्हणल्या होत्या."

याडी म्हणाली, "तवा खरंच सांगितलं व्हतं, सर. ही तितं कोपऱ्यात सुई सोडून पाटी घेऊन बसली व्हती."

हे ती असं का म्हणाली ते मला कळलं नाही. तेव्हा तर ती स्वतः रोज भरत होती. सरांना मात्र कळल्यासारखं वाटलं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला.

२८ सप्टेंबर

पुरवणीत लेख आला. मथळा : 'मी चुकलो होतो'. सरांनी आपली चूक पहिल्याच ओळीत लिहिली आहे. याडीने ताक दिलं होतं, तेही लिहिलंय. फोटोत माझं तोंड रडवेलं आलंय आणि याडी माझ्या हाताकडे बघतेय.

कात्रणाचा फोटो चर्चेच्या पानावर दिला. बाकी काही लिहिलं नाही.

३० सप्टेंबर

ओळ बदलली. गोदाकाठने बदलली. 'हे भरतकाम हिंगोली जिल्ह्यातील काही तांड्यांत आजही केले जाते. करणाऱ्या स्त्रियांत तरुण पिढीचाही समावेश आहे.' खाली सरांच्या लेखाचा संदर्भ.

मी ती बायकांना दोनदा वाचून दाखवली. शिलाभाभी म्हणाली, "म्हंजे भुताचं मानूस झालं."

रडक्या बासरीचा व्हिडिओ मात्र अजून तसाच आहे. त्याखाली नवी ओळ टाकली. तीन लोकांनी पाहिली.

पुनमताईंचा फोन आला, खूश होत्या. म्हणाल्या, "पाटीवर असं लिहू या का, 'शेवटच्या कारागिरांच्या हातची'? लोक धावत येतील."

मी म्हणाले, "ताई, आम्ही शेवटचे नाही."

"अगं, विक्रीसाठी."

"विक्रीसाठीच एक ओळ महिनाभर निस्तरली. आता दुसरी नको."

मला वाटलं, गेलं सगळं. मग म्हणाल्या, "बरं. नुसतं तांड्याचं नाव लिहिते. पण निम्माच माल आता घेते, उरलेला संक्रांतीला. मध्ये मी थोडा दुसरीकडून सांगून ठेवला होता."

२ ऑक्टोबर

दसरा. मुकादम आला. दोन घरांनी उचल घेतली. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, निम्म्या मालावर अकरा चुली पेटत नाहीत. नऊ घरं थांबली. त्या दोन घरांची पोरं शाळेत राहावीत म्हणून शिलाभाभीने आपल्याकडे ठेवून घेतली आहेत. गाडी जाईपर्यंत मी आत बसून राहिले. बाहेर यायला हवं होतं.

९ ऑक्टोबर

ती ओळ मला छळतेय. 'तरुण पिढीचाही समावेश.' तरुण पिढी म्हणजे मी एकटी. माझे टाके एका हाताच्या तळव्यात मावतील. काल न राहवून गोदाकाठला लिहिलं : 'ही तरुण पिढी म्हणजे मीच आहे, आणि मला अजून नीट येत नाही. विधान अतिशयोक्त वाटते.'

त्यांचं उत्तर : 'संदर्भात जे आहे ते लिहिले आहे. पुढचा संदर्भ निघेल तेव्हा पाहू.'

बरोबर आहे. आता तिथे मी हात लावू शकत नाही. इथे लावू शकते.

आज दुपारी कोथळी घेऊन ओट्यावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. सगळे येणारे-जाणारे बघत होते. शिलाभाभीच्या दोन्ही पुतण्या येऊन शेजारी बसल्या आणि सुई मागू लागल्या. दिली. पहिले वेडेवाकडे टाके मी उसवायला घेतले तर याडीने हात धरला. "ऱ्हाऊ दे. तुझे हायेत ते." मग चुलीकडे गेली आणि तिकडून किती तरी वेळ काहीतरी गुणगुणल्याचं ऐकू येत राहिलं. तिचं कसलं गाणं ते विचारायला हवं.

कोपरा मोठा आहे. आज इतकंच लिहिते, उजेड आहे तोवर एक ओळ भरून होईल.